जागा दिल्लीच्या, विद्यावेतन मुंबईचं

परळला केईएमच्या फाटकाशी उभं राहिलं, तर पाच-दहा मिनिटांच्या चालीत तज्ज्ञ डॉक्टर घडवणाऱ्या पैशाचे चार वेगळे झरे दिसतात. केईएम आणि त्याचं सेठ गोर्धनदास सुंदरदास मेडिकल कॉलेज महापालिकेचं. टाटा मेमोरियल १९६२ पासून केंद्राच्या अणुऊर्जा विभागाकडे. वाडिया रुग्णालयं ट्रस्टची, पण पालिका आणि राज्याच्या अनुदानावर टेकलेली; २०२० च्या जानेवारीत अनुदान अडकलं तेव्हा ती बंद पडायच्या बेतात होती, हे पेपर वाचणाऱ्यांना आठवत असेल. आणि तिथेच १९१२ साली स्थापन झालेलं कॉलेज ऑफ फिजिशियन्स अँड सर्जन्स, म्हणजे सगळ्यांच्या तोंडचं सीपीएस. पदविका सीपीएसची, पण तिचे विद्यार्थी शिकतात इतरांच्या रुग्णालयांत.

चारही ठिकाणी अ‍ॅप्रन तोच, वॉर्डातलं कामही बरंचसं तेच. शिकवण्याचा खर्च मात्र कुठे घरपट्टीतून निघतो, कुठे अणुऊर्जेच्या अंदाजपत्रकातून, कुठे अनुदानातून, तर कुठे खुद्द विद्यार्थ्याच्या बापाने काढलेल्या कर्जातून.

एरवी याकडे कुणी बघत नाही. शिकता शिकता वॉर्डात काम करणाऱ्या निवासी डॉक्टरांच्या संघटनेचा, मार्डचा, संप झाला की दोन दिवस विद्यावेतनाची चर्चा होते. फेब्रुवारी २०२४ मध्ये राज्य मंत्रिमंडळाने निवासी डॉक्टरांचं विद्यावेतन दहा हजारांनी वाढवलं. संप मिटला, विषयही मिटला. हे पैसे मुळात कुणी द्यायचे, कशाच्या बदल्यात द्यायचे आणि त्यातून तयार होणारा तज्ज्ञ कुठल्या पदावर बसणार, हा हिशेब संपाच्या बोलणीत येतच नाही. संप असतो महिन्याच्या पगाराचा; हा हिशेब आहे दहा वर्षांचा.

पदव्युत्तर प्रवेशाची नीट-पीजी ही परीक्षा झाली की सरकारी कॉलेजांतल्या निम्म्या पदव्युत्तर जागा अखिल भारतीय कोट्यात जातात. केईएम, सायन, नायर ही पालिकेची कॉलेजंही त्यात आली. उरलेल्या निम्म्या राज्याच्या सीईटी सेलकडून भरल्या जातात, पण २९ जानेवारी २०२५ च्या निकालात सर्वोच्च न्यायालयाने पदव्युत्तर प्रवेशासाठी रहिवासाचं आरक्षण घटनाबाह्य ठरवलं. तज्ज्ञ डॉक्टर निवडताना गुणवत्ता बघायची, तो कुठल्या राज्यात राहतो हे नाही, असा त्या निकालाचा रोख. तो मला पटतो. पण गुणवत्तेची बाजारपेठ देशभराची केली आणि बिल मात्र स्थानिक ठेवलं, याची विसंगती कुणालाच खटकलेली दिसत नाही.

महापालिका कॉलेज चालवते ते मालमत्ता कर, विकास शुल्क आणि २०१७ च्या जुलैत जकात गेल्यावर मिळू लागलेली भरपाई यांच्या जोरावर. २०२५-२६ चं तिचं अंदाजपत्रक ७४ हजार कोटींच्या वर गेलं आणि आरोग्याचा वाटा त्यात साधारण दहा टक्के. निवासी डॉक्टराचं विद्यावेतन, त्याच्या गाइडचा (मार्गदर्शक प्राध्यापकाचा) पगार, वसतिगृहाची डागडुजी, सगळं त्यातून. त्यातल्या निम्म्या जागा कुणाला जाणार ते मात्र दिल्लीतली समुपदेशन समिती ठरवते.

हे बोललं की गाडी लगेच ‘मराठी पोरांच्या जागा’ या वळणावर जाते. त्या वळणावर मला जायचं नाही. केरळ, राजस्थान, बिहारहून आलेली मुलं नसती तर सायनचा अपघात विभाग रात्री चालला नसता, आणि त्याच वॉर्डात झोपलेले निम्मे रुग्णही बाहेरगावचेच असतात. प्रश्न माणसांचा नाही, लेखाशीर्षाचा आहे, म्हणजे खर्च कुणाच्या खात्यावर टाकायचा याचा. अखिल भारतीय कोट्यातल्या जागेचा आवर्ती खर्च अखिल भारतीय तिजोरीतून का येऊ नये? कोटा लागू करताना हे कलम कुणाला सुचलं नाही आणि नंतर कुणी सुचवलं नाही.

अमेरिकेत हे वेगळ्या रीतीने चालतं. तिथे वृद्धांच्या आरोग्यविम्याची मेडिकेअर ही संघराज्याची योजना १९६५ पासून निवासी डॉक्टरांच्या प्रशिक्षणाचे पैसे थेट रुग्णालयाला देते. एक भाग विद्यावेतन आणि शिकवण्याचा. दुसरा, शिकाऊ डॉक्टर असल्यामुळे रुग्णालयाचा जो जादा खर्च होतो त्याचा. तिथेही घोळ झालाच. १९९७ च्या कायद्याने प्रत्येक रुग्णालयाची संख्या १९९६ मध्ये होती तिथे गोठवली. लोकवस्ती दक्षिणेकडे आणि पश्चिमेकडे सरकली, पैसे मात्र ईशान्येच्या जुन्या रुग्णालयांतच राहिले. पुढे १,००० नव्या जागा मंजूर करायला २०२० चा डिसेंबर उजाडला. म्हणजे पैसा निवासी डॉक्टराच्या डोक्यामागे दिला तरी तो आकडा दर काही वर्षांनी हलवावा लागतो. आपल्याकडे आकडा गोठण्याचा प्रश्नच नाही, कारण असा आकडाच नाही.

आपल्याकडे पैसा जातो जागेमागे, तोही एकदाच. २४ सप्टेंबर २०२५ ला केंद्रीय मंत्रिमंडळाने सरकारी कॉलेजांत ५,००० पदव्युत्तर आणि ५,०२३ एमबीबीएस जागा वाढवायला मंजुरी दिली आणि खर्चाची मर्यादा जागेमागे दीड कोटी रुपये केली. एकूण १५,०३४ कोटी, त्यात केंद्राचे १०,३०३ कोटी. रक्कम मोठी आहे आणि ती हवीच होती. पण ती मुख्यतः इमारत आणि यंत्रसामग्रीची आहे. ऑपरेशन थिएटर बांधून होतं, व्हेंटिलेटर येतात, फीत कापली जाते. त्यानंतरच्या तीस वर्षांचे प्राध्यापकांचे पगार, विद्यावेतन, यंत्रांचे देखभाल करार, थिएटरमधला तंत्रज्ञ हे सगळं राज्याच्या माथी. राज्य काय करतं? कायम पदं मंजूर व्हायला वर्षानुवर्षं लागतात, तोवर सहायक प्राध्यापक १२० दिवसांच्या नेमणुकीवर. मुदत संपली की खंड, मग पुन्हा १२० दिवस. अशा माणसाने तीन वर्षांच्या थिसिसला मार्गदर्शन करायचं असतं. मग मान्यतेची तपासणी आली की एका जिल्ह्यातले प्राध्यापक दुसऱ्या जिल्ह्यात ‘बदलून’ जातात आणि तपासणी आटोपली की परत येतात. आडात नाही ते पोहऱ्यात कुठून येणार?

देशातल्या पदव्युत्तर जागा २०१४ आधीच्या ३१ हजारांवरून २०२५ पर्यंत ७४ हजारांच्या आसपास गेल्या. वाढ खरी आहे. पण २०२३ च्या सप्टेंबरात नीट-पीजीतल्या पात्रतेचा पर्सेंटाइल शून्यावर आणून, म्हणजे परीक्षेला बसलेल्या सगळ्यांना पात्र ठरवून, जागा भरायची वेळ आली, हेही खरंच. रिकाम्या राहतात त्या प्रामुख्याने शरीररचना, जीवरसायन, सूक्ष्मजीवशास्त्र अशा विषयांच्या. त्वचारोग आणि रेडिओलॉजीची जागा पहिल्याच फेरीत उडते. कुठल्या विषयाच्या किती जागा काढायच्या हे कॉलेजात त्या विषयाचे गाइड किती आणि खाटा किती, यावर ठरतं. कुठल्या जिल्ह्यात कुठला तज्ज्ञ नाही, याचा त्या कागदावर उल्लेखही नसतो.

नियोजनाकडे वळण्याआधी वॉर्डात जरा थांबू, कारण पैशाचा घोळ तिथे सगळ्यात जवळून दिसतो. मेडिसिनच्या युनिटची (डॉक्टरांच्या एका तुकडीची) इमर्जन्सीची पाळी सकाळी आठला सुरू होते आणि कागदावर दुसऱ्या दिवशी आठला संपते. मग पोस्ट-इमर्जन्सीचा राउंड, त्यातून निघालेले सोनोग्राफीचे आणि रेफरन्सचे कागद, डिस्चार्ज. पहिल्या वर्षाचा डॉक्टर मोकळा होतो तो त्या दुसऱ्या दिवशी संध्याकाळी. या तासांत तो काय करतो ते नुसतं नोंदवलं तरी पुरे. रक्त काढतो, नमुन्याच्या बाटलीवर, म्हणजे बल्बवर, नाव लिहितो, बल्ब स्वतः लॅबमध्ये नेऊन देतो. ट्रॉली एक्स-रेला नेतो, कारण मामा (वॉर्डबॉय) दुसऱ्या ट्रॉलीमागे गेलेला असतो आणि तिसरं पद दोन वर्षं रिक्त असतं. रक्तपेढीच्या खिडकीवर रांगेत उभा राहतो. सरकारच्या मोफत उपचारांच्या जनआरोग्य योजनेची पूर्वमंजुरी घ्यायला फोटो, रिपोर्ट आणि शिधापत्रिकेची प्रत अपलोड करतो. सर्व्हर बसला तर पुन्हा करतो. त्या योजनेचे पैसे रुग्णालयाच्या खात्यात येतात. तो लिहितो तेव्हा शिकत नसतो, पण रुग्णालय कमावत असतं.

केंद्राच्या १९९२ च्या निवासी योजनेत सलग काम १२ तासांपेक्षा आणि आठवड्याचं ४८ तासांपेक्षा जास्त नको, असं लिहिलेलं आहे. २०२३ च्या पदव्युत्तर नियमावलीत त्याजागी ‘वाजवी तास’ असा मोघम शब्द आला. आठवड्याला ८० तास धरू. क्लिनिकल शाखांत हा काही फुगवलेला आकडा नाही. तिघांचे ८० तास म्हणजे २४०, आणि पाच जणांचे ४८ तास म्हणजेही २४०. म्हणजे दर तीन निवासी डॉक्टरांमागे संस्थेला दोन माणसं फुकट मिळतात. ही सूट कुठल्याही ताळेबंदात दिसत नाही. म्हणूनच विद्यावेतन वाढवून मागितलं की ‘ते तर विद्यार्थी आहेत’ असं उत्तर येतं आणि रजा मागितली की ‘वॉर्ड कोण बघणार’ असं. एकाच माणसाच्या हातात शुल्काची पावतीही पडते आणि पगाराची स्लिपही. ज्या वेळी जे सोयीचं ते दाखवायचं.

हा भार आणखी पदव्युत्तर जागा काढून हलका होणार नाही. प्रत्येक जागेला गाइड लागतो, खोली लागते, थिसिस लागतो. रक्त काढणारा तंत्रज्ञ, ट्रॉलीला मामा, योजनेच्या कागदांना लिपिक आणि वॉर्डाला एमबीबीएस वैद्यकीय अधिकारी दिला, तर तेच तास स्वस्तात सुटतात आणि शिकायला वेळ उरतो. पण ही पदं ‘आस्थापना खर्च’ म्हणून मोजली जातात आणि आस्थापना खर्च कमी ठेवणं हे प्रत्येक आयुक्ताचं पुण्यकर्म. निवासी डॉक्टर ‘शिक्षण’ या सदरात असल्यामुळे त्याच्यावर काम टाकलं तर खर्च वाढलेला दिसत नाही.

खासगी कॉलेजात हेच उलटं दिसतं. तिथे शुल्क लाखांत, संस्थात्मक आणि अनिवासी भारतीयांच्या (एनआरआय) कोट्यात त्याच्या पटीत, आणि विद्यावेतन सरकारी कॉलेजाइतकं द्यावं असा नियम. २०२३ मध्ये राष्ट्रीय वैद्यकीय आयोगाने केलेल्या पाहणीत सात हजारांवर पदव्युत्तर विद्यार्थ्यांची उत्तरं विचारात घेतली गेली. त्यांतल्या दोन हजारांहून अधिक जणांनी विद्यावेतन मिळतच नाही असं कळवलं. खात्यात जमा करून रोखीने परत घ्यायचं, ही युक्ती तर या क्षेत्रात सगळ्यांना ठाऊक आहे. बँकेचं पासबुक स्वच्छ राहतं. त्यामुळे नुसते खात्याचे उतारे मागवून काही उपयोग नाही. विद्यावेतन आयोगाने किंवा विद्यापीठाने संस्थेकडून आधी घेऊन थेट विद्यार्थ्याला द्यावं, आणि शुल्कात ‘इतर’ या नावाखाली काही घ्यायला बंदी असावी, तरच ही गळती आटोक्यात येईल.

आता नियोजन. एकच पद घेऊ: ग्रामीण रुग्णालयातला भूलतज्ज्ञ. ३० खाटांच्या रुग्णालयात अडलेल्या बाईचं सिझेरियन रात्री दोनला करायचं, तर तो लागतोच. वर्षाचे तास ८,७६०. एक डॉक्टर आठवड्याला ४८ तास, रजा आणि सण वजा जाता वर्षाला ४६ आठवडे काम करतो, म्हणजे २,२०८ तास. भागाकार येतो जवळजवळ चार. चोवीस तास एक भूलतज्ज्ञ हवा तर चार माणसं हवीत. मंजूर पद एक असतं. त्या एका पदावर कुणी टिकत नाही याचं कारण आपण ‘डॉक्टरांना खेड्यात जायचं नाही’ असं सांगतो. भागाकार कुणी करत नाही. एकट्याने ३६५ रात्री ऑन-कॉल राहायला शहरातलाही कुणी तयार होणार नाही.

गंमत अशी की केंद्राच्या ग्रामीण आरोग्य आकडेवारीत सामुदायिक आरोग्य केंद्रांतल्या, म्हणजे आपल्याकडच्या ग्रामीण रुग्णालयांतल्या, तज्ज्ञांची जी सुमारे ८० टक्के तूट दरवर्षी छापून येते, ती शल्यचिकित्सक, स्त्रीरोगतज्ज्ञ, फिजिशियन आणि बालरोगतज्ज्ञ या चौघांचीच असते. भूलतज्ज्ञ त्या बेरजेत नाही. उद्या चारही पदं भरली आणि तूट शून्य झाली, तरी रात्रीचं सिझेरियन होणार नाही. ते जव्हारहून नाशिकला, नाहीतर ठाण्यामार्गे सायनला येणार. ज्या मुंबईकराच्या करातून भूलतज्ज्ञ शिकला, त्याच्याच रुग्णालयात भूलतज्ज्ञ नसल्याचा खर्चही परत येतो.

चार भूलतज्ज्ञ प्रत्येक तालुक्याला पुरवणं नजीकच्या काळात शक्य नाही, हे कबूल. मग एक उपाय चार रुग्णालयांचा एक गट करून रात्रीची शस्त्रक्रिया एकाच ठिकाणी ठेवण्याचा. दुसरा एमबीबीएस डॉक्टरांना भूल देण्याचं मर्यादित प्रशिक्षण देण्याचा. ते १८ आठवड्यांचं म्हणून सुरू झालं होतं. हे प्रशिक्षण चांगलं असूनही वाया जाण्याचं नेहमीचं कारण एकच: भूल शिकलेल्याची नेमणूक एका गावात आणि सिझेरियन करणाऱ्याची दुसऱ्या. जोडीने शिकवून जोडीने नेमायला वेगळे पैसे लागत नाहीत, फक्त बदल्यांची यादी करणाऱ्याने दोन कागद शेजारी ठेवायला हवेत.

जिल्हा निवासी कार्यक्रमाचंही तसंच. तिसऱ्या ते पाचव्या सत्रात प्रत्येक पदव्युत्तर विद्यार्थ्याने तीन महिने जिल्हा रुग्णालयात जायचं, विद्यावेतन मूळ कॉलेजने द्यायचं. आठ जणांची तुकडी दोघादोघांनी पाठवली तर वर्षात चार फेऱ्यांत काम होतं आणि वॉर्डालाही झळ लागत नाही. तुकडी एकदम पाठवली की इथे इमर्जन्सी उघडी पडते आणि तिथे आठ जणांना राहायला खोली नसते. ज्या जिल्ह्यात त्या विषयाचा तज्ज्ञच नाही तिथे शिकाऊ डॉक्टर पाठवणं हे प्रशिक्षण नव्हे, रिक्त पद झाकणं आहे.

बंधपत्राबद्दल, म्हणजे शिकल्यावर सरकारी सेवा करण्याच्या लेखी हमीबद्दल, बोलताना लोक चिडतात, म्हणून थोडक्यात. महाराष्ट्रात एक वर्षाच्या सेवेच्या बदल्यात दंड ठरलेला आहे: पदव्युत्तरनंतर ५० लाख, अतिविशेषज्ञ शाखेत २ कोटी. ज्याच्याकडे आहेत तो भरून सुटतो, ज्याच्याकडे नाहीत तो सेवा करतो. म्हणजे सार्वजनिक सेवा ही गरीब विद्यार्थ्याने द्यायची किंमत झाली. शिवाय निकाल, पदांची यादी, पसंती आणि आदेश यांत महिने जातात, आणि बंधपत्राच्या बऱ्याच जागा कॉलेजातच वरिष्ठ निवासी म्हणून मिळतात. तालुक्याला त्यातून फारसं काही पोचत नाही.

त्यापेक्षा सेवांतर्गत कोटा मला जास्त भरवशाचा वाटतो. ३१ ऑगस्ट २०२० च्या निकालात सर्वोच्च न्यायालयाने तामिळनाडूच्या खटल्यात राज्यांचा तो अधिकार मान्य केला आणि महाराष्ट्राने २०२२ मध्ये २० टक्के जागा सेवेतल्या वैद्यकीय अधिकाऱ्यांसाठी ठेवल्या. प्राथमिक आरोग्य केंद्रात काही वर्षं काढलेला माणूस परत जाण्याची शक्यता जास्त. अडतं ते एवढ्यावरच की तो तीन वर्षं शिकायला आला की त्याचं केंद्र रिकामं पडतं. तामिळनाडूसारखं करायचं तर या कोट्याबरोबर तेवढी प्रशिक्षण-राखीव पदंही, म्हणजे शिकायला गेलेल्याच्या जागी माणूस देणारी पदं, मंजूर करावी लागतील. ती न करता कोटा वाढवला तर पालघर, गडचिरोलीतली केंद्रं परळसाठी ओस पडतील.

उपनगरांतल्या पालिका रुग्णालयांची, राजावाडी किंवा वांद्र्याच्या भाभाची, गोष्ट या सगळ्यात कुठेच बसत नाही. तिथे कॉलेज नाही. वॉर्ड चालले ते सीपीएस आणि डीएनबीच्या, म्हणजे राष्ट्रीय परीक्षा मंडळाच्या तज्ज्ञ-अभ्यासक्रमाच्या, मुलांवर. सीपीएसच्या पदविकांच्या मान्यतेचा वाद चालू आहे, आणि डीएनबीचा विद्यार्थी वर्षाला सव्वा लाख शुल्क राष्ट्रीय परीक्षा मंडळाला भरतो, शिकवतात मात्र पालिकेचे डॉक्टर, ज्यांना शिकवण्याचा वेगळा वेळ किंवा मोबदला नाही. या शुल्कातला ठरावीक हिस्सा शिकवणाऱ्या रुग्णालयाला परत मिळायला हवा. आणि सार्वजनिक खर्चाने घडलेले तज्ज्ञ आयते घेणाऱ्या मोठ्या खासगी रुग्णालयांकडूनही काही घ्यावं, असं मला वाटतं. धर्मादाय रुग्णालयांना बिलाच्या दोन टक्के रक्कम निर्धन रुग्णांच्या निधीत टाकावीच लागते; प्रशिक्षणासाठी तशी तरतूद करणं अशक्य नाही. ती करताना बोजा रुग्णाच्या बिलावर ढकलला जाणार नाही, एवढं पाहावं लागेल.

हे सगळं बसवायचं कुणी? शिकवतो वैद्यकीय शिक्षण विभाग, नेमतो सार्वजनिक आरोग्य विभाग, आणि मुंबईत दोन्हीच्या बाहेर महापालिका. वैद्यकीय शिक्षणाचं संचालनालय १९७० मध्ये आरोग्यापासून वेगळं झालं तेव्हापासून जागा वाढवणारा आणि पद भरणारा एकाच खोलीत बसत नाहीत. नवा आयोग किंवा नवं महामंडळ काढायची गरज मला दिसत नाही; एक जुना फॉर्म नीट भरला तरी पुष्कळ होईल. नवं मेडिकल कॉलेज काढताना राज्याला अत्यावश्यकता प्रमाणपत्र द्यावं लागतं. त्या नमुन्यात राज्यात डॉक्टर किती, शासकीय सेवेत किती, शासकीय रिक्त पदं किती आणि त्यांतली ग्रामीण व दुर्गम भागांत किती, हे रकाने आधीपासून आहेत. फक्त विषय आणि तालुका विचारलेला नाही. पदव्युत्तर जागा वाढवतानाही हाच कागद लावावा, त्यात दोन रकाने वाढवावे, आणि तिसऱ्यात तीन वर्षांनी हा तज्ज्ञ कुठल्या लेखाशीर्षातून पगार घेणार ते लिहून आरोग्य विभागाची सही घ्यावी. ही सही मिळवायला त्वचारोगाच्या प्रस्तावाला त्रास होईल, भूलशास्त्राच्या प्रस्तावाला होणार नाही.